वाचकांचे प्रश्न : खिमा-पास्ता, कामाच्या दिवसाचे रात्रीचे जेवण

गेल्या अंकात, दिवसभर बाहेर काम करून घरी परतल्यावर तासाभराच्या आत होणाऱ्या जेवणांविषयी लिहिताना खिमा घातलेल्या पास्त्याचा मी ओझरता उल्लेख केला होता. कृती मात्र दिली नव्हती. त्यानंतर या एका पदार्थाविषयीच इतकी पत्रे आली की हा सगळा अंक त्यालाच द्यावा असे वाटले. पत्रे थोडी संक्षेपाने घेतली आहेत.

लातूरहून एक वाचक लिहितात : मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नोकरी करते आणि सात वाजता स्वयंपाकाला लागते. मुलांना पास्ता आवडतो म्हणून मी इंग्रजीतली एक कृती वाचली. तिच्यात ‘ग्राउंड बीफ’ होते, मी त्याऐवजी मटणाचा खिमा घेतला. दोन वेळा केला आणि दोन्ही वेळा खिमा पाणचट झाला, त्याला उग्र वास राहिला. मुलांनी पास्ता निवडून खाल्ला आणि खिमा ताटात तसाच ठेवला. माझे नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर : तुमच्या मटणात दोष नाही आणि तुमच्या हातातही नाही. माझ्या अंदाजाने तुम्ही खिमा घरी आणून पाण्याने धुता आणि तो ओला असतानाच कढईत घालता. आपल्याकडे मांस धुतल्याशिवाय शिजवायला मन घेत नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु खिम्याचा प्रत्येक कण पाणी धरून ठेवतो, आणि कढईत जोवर पाणी आहे तोवर तिथले तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहते. मांसाला खमंगपणा येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे, त्यातली प्रथिने आणि साखर एकमेकांत मिसळून तांबूस होऊ लागतात तेव्हा. म्हणजे तुमचा खिमा परतला गेलाच नाही, तो स्वतःच्याच पाण्यात उकडला गेला आणि वासही त्यातच कोंडून राहिला.

म्हणून खाटकाकडे मांडीचे मांस निवडा, खिमा करण्याआधीच ते तुकडे धुऊन निथळायला सांगा आणि मग आपल्या डोळ्यांसमोर यंत्रातून दोनदा फिरवून घ्या. घरी आणल्यावर धुवायचाच असेल, तर बारीक चाळणीत घेऊन एकदाच पाणी ओता, वीस मिनिटे निथळू द्या आणि वरून तळहाताने दाबून उरलेले पाणी काढा.

आता त्या इंग्रजी कृतीविषयी. ग्राउंड बीफ म्हणजे गोमांसाचा खिमा. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण अधिनियमाने गाईची कत्तल बंद झाली आणि २०१५ पासून वळू आणि बैल यांनाही तीच बंदी लागू झाली, त्यामुळे ती कृती आपल्याकडे जशीच्या तशी करता येत नाही. तुम्ही मटण घेतले हे योग्यच केले, फक्त दोन्ही मांसांतला फरक लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत या कामासाठी जो खिमा विकला जातो, त्यात बहुधा पाचवा हिस्सा चरबी असते. तिथल्या कृतींत ‘सुटलेली चरबी काढून टाका’ असे लिहिलेले असते ते त्यामुळे. बोकडाच्या मांडीच्या मांसात इतकी चरबी नसते, म्हणून आपल्याला काढायचे काही नाही, उलट तेल घालायचे आहे. मी करडईचे तेल वापरते, कारण ते माझ्या घरात असतेच.

चार माणसांसाठी ४०० ग्रॅम खिमा, २५० ग्रॅम पास्ता, मध्यम आकाराचे दोन कांदे, चार टोमॅटो, आठ-दहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले आणि तीन मोठे चमचे तेल घ्या. रुंद बुडाची कढई चांगली तापवा आणि निम्म्याच तेलात निम्माच खिमा पसरून टाका. या वेळी मीठ घालू नका आणि दोन-तीन मिनिटे उलथणेही लावू नका. प्रथम खिमा राखाडी होईल आणि कडेने पाणी सुटून बुडबुडे येऊ लागतील. इथेच बहुतेकांना खिमा झाला असे वाटते आणि टोमॅटो पडतात. थांबा. पाणी आटत आले की कढईचा आवाज बदलतो. आधीची खदखद मंदावते आणि तिच्या जागी कोरडी, बारीक तडतड ऐकू येऊ लागते, कण एकमेकांपासून मोकळे होतात, बुडाला तांबूस थर धरू लागतो आणि कडेने तेल दिसते. आपल्या घरातली जुनी माणसे ‘तेल सुटेपर्यंत परत’ असे सांगत, ती हीच घटका. तो खिमा ताटलीत काढून उरलेला तसाच परता. दोन्ही घाणे मिळून बारा-तेरा मिनिटे लागतात, आणि पास्ता घालेपर्यंतच्या कृतीत एवढीच मिनिटे अशी आहेत की ज्यांत कढईसमोरून हलता येत नाही. बाकी सगळे काम मुलांचा गृहपाठ पाहत पाहत होते.

मग त्याच कढईत बारीक चिरलेला कांदा घाला. बुडाला धरलेला तांबूस थर कांद्याच्या ओलाव्याने सुटतो, तो खरवडून घ्या, कारण चव त्याच्यातच आहे. त्यानंतर आले-लसूण, मग किसलेले टोमॅटो, हळद, तिखट आणि मीठ घाला. टोमॅटो गावरान आणि आंबट असतील तर सुपारीएवढा गूळ पुरतो. टोमॅटोचा कच्चा वास गेला की खिमा परत घालून एक पेला गरम पाणी ओता आणि झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटे शिजू द्या. घाई असेल तर एवढे काम कुकरमध्ये दोन शिट्ट्यांत होते. त्यात पास्ता कसा घालायचा ते पुढच्या एका उत्तरात आले आहे.

पाश्चात्त्य कृतींतल्या ओरेगॅनोसाठी धावाधाव करू नका. ओरेगॅनोला जो वास असतो तो थायमॉल आणि कार्वाक्रॉल या द्रव्यांचा, आणि थायमॉल आपल्या ओव्यात भरपूर असते. चिमूटभर ओवा तळहातावर चोळून शेवटी घाला. जास्त झाला तर कडवट लागतो, एवढे मात्र लक्षात ठेवा.

नांदेडहून एक वाचक लिहितात : आमच्या घरी मोठ्याचा, म्हणजे म्हशीचा खिमा येतो. तो घालून पास्ता केला तर चालेल का? तो लवकर शिजत नाही, असा अनुभव आहे.

उत्तर : अवश्य चालेल, आणि मूळ कृतीच्या चवीला मटणापेक्षा तोच अधिक जवळचा आहे. म्हशीच्या मांसाचा रंग गडद असतो, धागा जाड असतो आणि आत चरबी फार थोडी असते, म्हणून तो कोरडा पडतो आणि दाताखाली येतो. त्यावर तीन उपाय आहेत. खिमा दोनऐवजी तीनदा फिरवून बारीक करून घ्यावा, तेल एक चमचा वाढवावे आणि परतून झाल्यावर झाकणाखाली शिजण्याचा वेळ पंधराऐवजी तीस-पस्तीस मिनिटे धरावा, किंवा कुकरला चार-पाच शिट्ट्या द्याव्यात. कच्ची पपई लावून ठेवण्याची आपल्याकडची रीत मोठ्या तुकड्यांसाठी उत्तम आहे, पण खिम्याला ती लावू नये. बारीक कणांवर तिचा परिणाम इतका लवकर होतो की त्याचा पिठूळ लगदा होतो.

शिजताना अर्धी वाटी दूध घातले तर या खिम्याला फार चांगला मऊपणा येतो. ही माझी शक्कल नाही. बोलोन्या या इटलीतल्या शहराचा जो प्रसिद्ध खिम्याचा रस्सा आहे, त्याची कृती इटलीच्या पाककला अकादमीने १७ ऑक्टोबर १९८२ रोजी तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये अधिकृतपणे नोंदवून ठेवली आणि तीत दूध आहे. दूध टोमॅटोचा आंबटपणा थोडा झाकते. फक्त टोमॅटो नीट शिजून त्यांचा तिखटजाळ आंबटपणा उतरल्याशिवाय आणि आच मंद केल्याशिवाय ते ओतू नका, नाही तर ते फाटते.

जालना जिल्ह्यातून एक वाचक लिहितात : पास्ता उकळायला पातेलेभर पाणी घ्या असे सगळीकडे लिहिलेले असते. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. एवढे पाणी उकळून ओतून देणे जिवावर येते. कमी पाण्यात केला तर तो चिकट होऊन त्याचा गोळा होतो.

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला बरे वाटले, कारण ही गोष्ट कृती लिहिणारे विचारातच घेत नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या प्रदेशातल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या प्रदेशातल्या माणसाला अडीच लिटर पाणी मोरीत ओतायला सांगणारी कृती कामाची नाही. शिवाय त्या पाण्यात मीठ असते, त्यामुळे ते तुळशीलाही घालता येत नाही.

शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ, हे प्रमाण इटलीतले आहे आणि तिथे ते बरोबरच आहे. भरपूर पाण्यात पास्त्यावरचा पिठूळपणा पसरून जातो आणि तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. परंतु तोच पिठूळपणा रश्श्यातच उतरू दिला तर रस्सा दाट आणि चकचकीत होतो. म्हणून पास्ता वेगळा उकळूच नका. लातूरच्या वाचकांना सांगितल्याप्रमाणे खिमा शिजला की त्यातच पाऊण लिटर कडकडीत पाणी ओता, उकळी फुटली की २५० ग्रॅम कोरडा पास्ता घाला आणि आच मध्यम ठेवा. कुकर वापरला असेल तर वाफ पूर्ण उतरल्यावर झाकण काढून हेच करा. पास्ता घातल्यावर मात्र कुकर पुन्हा बंद करू नका, फेस वर येऊन शिट्टीच्या नळीत अडकतो.

पहिली तीन मिनिटे सतत ढवळणे आवश्यक आहे. गोळा होतो तो याच तीन मिनिटांत, पृष्ठभाग ओला आणि चिकट असताना. त्यानंतर अधूनमधून तळापासून हलवले तरी पुरते. दहा ते बारा मिनिटांनी एक तुकडा चावून पाहा. मधोमध कणभर करकरीतपणा असतानाच गॅस बंद करून पाच मिनिटे झाका, म्हणजे उरलेला रस त्यात मुरतो. एकच भांडे पडते, तेव्हा घासण्याचे पाणीही वाचते. या पद्धतीला मॅकरोनी किंवा पेनेसारखे आखूड, पोकळ तुकडे घ्यावेत. लांब स्पॅगेटी इथे जमत नाही.

पाकीट घेताना मात्र मागची बाजू वाचा. ‘ड्युरम गव्हाचा रवा’ किंवा ‘सुजी’ लिहिलेले असेल तर तो आकार धरून ठेवतो, आणि मैद्याचा असेल तर कितीही जपले तरी त्याची लापशी होते. किराणा दुकानातली सुटी मॅकरोनी पुष्कळदा मैद्याचीच असते. ड्युरम हा परका गहू नव्हे. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा आहे, आणि शेवयांसाठी बन्सीच हवा असा आग्रह धरणाऱ्या बायकांना त्याचे कारण कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

बीडहून एक वाचक लिहितात : घरात सासूबाई आणि धाकट्या जाऊबाई शाकाहारी आहेत. एका संध्याकाळी दोन वेगळे स्वयंपाक होत नाहीत. त्यांच्यासाठी काय करावे?

उत्तर : सोयाबीनचा चुरा घ्या. आपल्या भागात सोयाबीन इतके पिकते आणि लातूरच्या बाजारात त्याची एवढी उलाढाल होते, तरी घरच्या जेवणात ते क्वचितच दिसते, याची मला खंत वाटते. तेल काढून उरलेल्या सोयापिठापासून हा चुरा होतो, आणि कोरड्या चुऱ्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने असतात. ८० ग्रॅम कोरडा चुरा दोघींना पुरतो.

त्याचा जो वास अनेकांना आवडत नाही, तो घालवता येतो. चुरा मीठ घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून मुठीत घट्ट पिळावा, साध्या पाण्यात बुडवून पुन्हा पिळावा, आणि त्यानंतर तेलात कोरडा, तांबूस होईपर्यंत परतावा. मांसाच्या खिम्यासाठी जे सांगितले तेच इथेही लागू आहे, किंबहुना अधिकच, कारण सोयाला स्वतःची चव जवळजवळ नसते.

दोन स्वयंपाक टाळण्यासाठी कांदा-टोमॅटोचा मसाला आधी एकाच भांड्यात सगळ्यांसाठी करा आणि सासूबाईंचा वाटा वेगळ्या भगुण्यात काढून घ्या. खिमा त्याआधीच दुसऱ्या कढईत परतून ठेवलेला असेल. उलथणे दोन ठेवा आणि ती मिसळू देऊ नका. आपण खातो ती गोष्ट दुसऱ्याच्या भांड्याला लागू नये, ही काळजी तुम्ही घेता आहात हे त्यांना दिसले की जेवण दोघींनाही गोड लागेल. त्या भगुण्यात खिम्याचा तांबूस थर नसेल, त्याची उणीव चमचाभर शेंगदाण्याच्या कुटाने भरून निघते.

धाराशिवहून एक वाचक लिहितात : मी त्यात आमच्या घरचा काळा मसाला घातला. सगळ्यांनी आवडीने खाल्ला, पण शहरातून आलेल्या पाहुण्यांनी ‘हा पास्ता नव्हे’ असे म्हटले. खरे काय समजावे?

उत्तर : इटलीच्या नोंदीप्रमाणे पाहिले तर तुमचा तो पास्ता नव्हता, आणि पाहुण्यांच्या घरचाही बहुधा नसेल. बोलोन्याच्या त्या कृतीत लसूण नाही, ओरेगॅनो नाही, त्यात डुकराचे मांस आणि वाइन आहे, रस्सा दोन-तीन तास मंद आचेवर ठेवावा लागतो आणि तो स्पॅगेटीबरोबर नव्हे, तर अंडी घालून केलेल्या ताल्यातेल्ले नावाच्या चपट्या पट्ट्यांबरोबर वाढतात. आपण जे करतो तो कामाच्या दिवसाचा, तासाभरात होणारा खिमा-पास्ता आहे. त्याला इटालियन म्हणवून घेण्याची गरज नाही आणि त्यात काळा मसाला घालायला कुणाची परवानगीही लागत नाही.

प्रमाणाविषयी मात्र माझे मत ऐका. भाजीला घालतो तेवढा काळा मसाला घातला तर खोबऱ्याचा आणि दगडफुलाचा वास टोमॅटोला दाबून टाकतो. ४०० ग्रॅम खिम्याला एक सपाट चमचा पुरे, आणि तो कांद्याबरोबर तेलात घालावा, वरून भुरभुरवू नये. काळा मसाला घातला असेल त्या दिवशी ओवा आणि चीज दोन्ही टाळावेत.

पिठाचे पोकळ तुकडे करणे ही गोष्ट आपल्यालाही नवी नाही. माझ्या आजोळी उन्हाळ्यात वळवट होत असे. आजी रव्याच्या घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक वळी बारीक काडीभोवती गुंडाळायची, तळहाताने पाटावर एकदा फिरवायची आणि काडी अलगद ओढून घ्यायची. पाटावर उरायचे ते पोकळ, पिळाचे सरगुंडे. ते गच्चीवर धोतराच्या पांढऱ्या फडक्यावर वाळत पडलेले असत आणि मी कावळे हाकलायला बसत असे. आम्ही ते उकडून आमरसाबरोबर खायचो, खिम्याबरोबर कुणाच्या मनातही आले नसते. गेल्या वर्षी मी नात्यातल्या एका वयस्कर मावशींकडून पावशेर सरगुंडे आणून याच पद्धतीने खिम्यात शिजवून पाहिले. ते पास्त्यापेक्षा लवकर, सात-आठ मिनिटांतच शिजतात आणि पिळात रस्सा धरून ठेवतात. तुमच्या घरात डबा भरून पडलेले असतील तर जरूर करून पाहा, पाणी मात्र थोडे कमी घाला.

छत्रपती संभाजीनगरहून एक विद्यार्थी लिहितात : खोलीवर एकच शेगडी आणि एकच कढई आहे. चीज घातलेच पाहिजे का?

उत्तर : नाही. चीज शेवटी, गॅस बंद केल्यावर घालायचे असते आणि ते नसेल तर काही बिघडत नाही. चमचाभर लोणी किंवा जाड साय ढवळून घातली तरी रस्सा बांधला जातो. एकट्यासाठी १०० ग्रॅम खिमा आणि ७० ग्रॅम पास्ता पुरतो, पाणी मात्र त्याच हिशोबाने न घटवता सव्वा पेला ठेवा, कारण थोड्या प्रमाणात ते लवकर आटते.

अंबाजोगाईहून एक वाचक लिहितात : रविवारी जास्त खिमा करून ठेवला तर आठवडाभर उपयोगी पडेल का? आमच्याकडे उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जाते.

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर मी सगळ्यात गांभीर्याने देते, कारण यात मी स्वतः चूक केली आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी आणलेला कच्चा खिमा मी फ्रीजमध्ये ठेवला, वीज चार-पाच तास गेली, आणि संध्याकाळी ‘वास तर येत नाही’ म्हणून तोच शिजवला. रात्रभर घरातल्या तिघांना उलट्या झाल्या. धोकादायक जिवाणू वाढले तरी वास बदलेलच असे नसते, हे मला त्या रात्री कळले.

अखंड तुकड्यावर जिवाणू वरच्या पृष्ठभागावर असतात, खिमा करताना ते आतबाहेर सगळीकडे मिसळले जातात. म्हणून कच्चा खिमा फ्रीजमध्ये चार अंशांच्या खाली ठेवूनही एक-दोन दिवसांत वापरलाच पाहिजे, आणि शिजवताना तो आतपर्यंत ७१ अंशांच्या वर गेला पाहिजे. आपण परततो आणि वर पुन्हा पंधरा मिनिटे शिजवतो, त्यामुळे त्याची चिंता उरत नाही. शिजलेले अन्न एरवी दोन तास बाहेर चालते. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ती रात्री नऊलाही पुष्कळदा तेवढी असते.

तेव्हा वीज भरवशाची असेल अशाच दिवसांत, पास्ता न घातलेला, शिजलेला खिमा उथळ डब्यांत एका जेवणापुरता भरून, पसरट ताटलीतल्या गार पाण्यात ठेवून निववा आणि लगेच फ्रीजरमध्ये टाका. दार उघडले नाही तर वीज गेल्यावर फ्रीजमध्ये साधारण चार तास गारवा टिकतो. त्याहून जास्त वेळ गेली असेल तर तो डबा टाकून द्या, कितीही जिवावर आले तरी. आणि एप्रिल-मे मध्ये रविवारचा साठा करूच नका. त्या दोन महिन्यांत कांदा-टोमॅटोचा शिजवलेला मसालाच तेवढा दोन दिवसांचा करून ठेवा, आणि खिमा संध्याकाळी घरी येताना ताजा आणा.